भिगवण मुक्कामी झालेल्या पहिल्या भवानीची बखर

मोरगावच्या मोरयास नमन करून, आणि उजनीचे पाणी ज्यांच्या ताटात मासे घालते त्या सर्व जाणत्यांस रामराम व सलाम करून, ही हकीकत लिहावयास घेतली. लिहावयाचे कारण ऐसे की, मोठमोठ्या लढायांच्या हकीकती लिहिणारे पुष्कळ होऊन गेले, परंतु एका ताटाचे मोल कोणत्या मार्गे चुकते करावे या प्रश्नावरून भिगवणच्या रस्त्यावर जो प्रसंग गुदरला, तो कोणी कागदावर आणिला नाही. पुढे नातवंडे विचारतील की नोट म्हणजे काय, चेक म्हणजे काय आणि कार्ड म्हणजे काय, तेव्हा सांगणाऱ्याचे हाती काही आधार असावा. मुलांनी सावकाश वाचावे. शब्द अडेल तेथे आम्ही थांबून सांगू. घाई नाही.

शके एकोणीसशे सत्तेचाळीस, पौष मास. ते समयी बारामतीस राजमान्य राजश्री रामराव गुरुजी, निवृत्त शिक्षक, आपले कबिल्यासह सुखरूप नांदत होते. कबिल्यात पद्माबाईसाहेब, ज्या घरच्या खजिन्याच्या आणि स्वयंपाकघराच्या एकमेव अखत्यारदार, आणि चिरंजीव मिहिरराव, जे पुण्यात एका कंपनीची चाकरी करून शनिवार-रविवार मुलखात येत. गुरुजींची सारी नोकरी भिगवणच्या शाळेत गेली होती, आणि अर्ध्या भिगवणास बेरीज-वजाबाकी त्यांनीच शिकविली होती.

शुक्रवारी सायंकाळी भिगवणाहून फोनवाटे खलिता आला. धाडणार करिमाबी, गुरुजींची जुनी विद्यार्थिनी. करिमाबीने कित्येक वर्षे भिगवणचे मातबर हॉटेलवाले बापूसाहेब यांचे मुदपाकखान्यात उजनीचा चिलापी मासा तळला आणि रस्सा उकळला, आणि आता हातातल्या सोन्याच्या बांगड्या मोडून, बापूसाहेबांच्या नेमके समोर, रस्त्यापलीकडे, स्वतःचे हॉटेल थाटले होते. खलित्यातील मजकूर येणेप्रमाणे: "गुरुजी, रविवारी हाटेल उघडतीय. पयली भवानी तुमच्याच हातची पायजे. तुमी येईस्तवर मी कुणालाच ताट वाढणार न्हाय. खुदा कसम."

मुलांनो, भवानी म्हणजे दुकानातली दिवसाची पहिली विक्री. कोणी तीस बोहनी म्हणतात. तिचे कायदे जुने आणि कडक. भवानीस उधारी चालत नाही. मोल नेमके घ्यावयाचे, कमी नाही आणि जास्त नाही. आलेला ऐवज कपाळास लावून मगच गल्ल्यात टाकावयाचा, आणि तो पडेपर्यंत गल्ल्यातून एक रुपयादेखील बाहेर जाऊ द्यावयाचा नाही. आणखी एक कलम ऐसे की, ज्याच्या हातची भवानी झाली, त्यास त्या दिवशी त्या दुकानात कशासही नाही म्हणावयाचे नाही. आणि ही तर नव्या दुकानाची पहिलीच भवानी, म्हणजे सर्व कलमे दुप्पट कडक.

शनिवारी रात्रीच्या जेवणास मसलत बसली की ही भवानी कोणत्या हत्याराने करावी. गुरुजींनी आज्ञा केली की चेकनेच व्हावी. मुलांनो, चेक म्हणजे आपण आपल्या बँकेस लिहिलेला हुकूम, की अमक्यास इतके रुपये द्यावे. त्यावर आपली सही असते, तारीख असते, आणि पुढे कोणी नाकबूल गेला तर पुरावा असतो. गुरुजी दुधाचे महिन्याचे बिलदेखील चेकने देत, आणि रकमेपुढे 'फक्त' हा शब्द लिहून त्यापुढे रेघ ओढीत, म्हणजे मागाहून कोणी काही वाढवू नये. दूधवाल्याने हात जोडून विनविले होते की गुरुजी, बँकेत जायला अर्धा दिवस मोडतो, परंतु गुरुजींनी उलट त्यालाच चेक भरावयाची चिठ्ठी कशी लिहावी ते शिकवून परत धाडिले होते.

यावर पद्माबाईसाहेब बोलिल्या, "तुमचा चेक वटेपर्यंत तिचा मासा नासेल." आणि त्यांनी फर्मावले की भवानी रोखच व्हावी.

मिहिररावांनी पाकिटातून कार्ड काढून ताटाशेजारी ठेविले. मुलांनो, हे क्रेडिट कार्ड. यात बँक म्हणते की, तू आज घे, दुकानदारास मी देते, आणि तू मला पुढल्या महिन्यात दे. वेळेवर दिलेस तर सारे गोड, आणि चुकलास तर व्याजाचे घोडेस्वार दारात उभे.

"कार्डानं दिलं की पॉइंट मिळतात," मिहिरराव म्हणाले.

"पॉइंटाची आमटी होते का रे?"

"मागच्या वर्षी मिक्सर आला तो कशावर आला, आई?"

मिक्सर उत्तम चालत असल्याने पद्माबाईसाहेबांनी मिहिररावांच्या पानात न मागता आणखी एक भाकरी टाकिली. मग तह ठरला की तिन्ही हत्यारे बरोबर न्यावी: आघाडीस चेक, मध्ये कार्ड, पिछाडीस रोकड.

रविवारी प्रातःकाळी पद्माबाईसाहेबांचे मनी एक सद्भाव उपजला, आणि सारा घोटाळा त्या सद्भावातूनच झाला. त्यांच्या स्टीलच्या डब्यात चुरगळलेल्या नोटा आणि नाणी गच्च भरली होती. मनी म्हणाल्या की नव्या दुकानाची भवानी, तीस मळक्या नोटा काय द्याव्या. म्हणून डबा घेऊन कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडे गेल्या आणि सारी चिल्लर त्याचे पदरी ओतून पाचशेची एक कोरी करकरीत नोट घेऊन आल्या. किराणावाल्यास सुट्ट्याची सदैव टंचाई, त्याने त्यांस खडीसाखर दिली. बाईसाहेबांनी नोटेचा वास घेतला, ती पर्समध्ये ठेविली, आणि घरातील शेवटचा सुटा रुपया बारामतीच्या बाजारात विरून गेला.

मग फौज मोटारीत बसून भिगवणच्या वाटेस लागली. कारखान्याचा हंगाम जोरात होता. उसाने भरलेल्या जोडट्रॉल्या ओढीत ट्रॅक्टर हत्तीच्या चालीने पुढे चालले होते, आणि गाणी मोठ्याने लावून कोणास बाजू देत नव्हते. वाटेत पंपावर मिहिररावांनी कार्डाने डिझेल भरिले आणि विजयी मुद्रेने तीर्थरूपांकडे पाहिले. तीर्थरूपांनी उसाकडे पाहिले. ऐसी मजल मारीत दहाच्या सुमारास भिगवण गाठले.

तेथील देखावा काय वर्णावा! पौषात उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी उतरतात आणि त्यांस पाहावयास पुण्याची माणसे उतरतात. ती पहाटेच्या थंडीत होडीत बसून आली होती. गळ्यात दुर्बिणी, खांद्यावर तोफेएवढे कॅमेरे, आणि पोटात आगडोंब. ऐसी ती दुर्बिणधारी पलटण करिमाबीच्या नव्या हॉटेलपुढे दाटली होती, कारण तळणीचा वास पार होडीपर्यंत गेला होता. आत कढईत तेल तापून तयार, परातीत मसाला लावलेली चिलापी तयार, भाकऱ्यांची चवड तयार. भिंतीवर फोनने पैसे द्यावयाची चौकटी पाटी, तिजवर ओढणी घातलेली. आणि दारात करिमाबीचा लेक मोईन, दोन्ही हात आडवे धरून किल्ला लढवीत उभा: "भवानी व्हायची हाय! दमा जरा! गुरुजी यायलेत!"

पलीकडे बापूसाहेब आपल्या गल्ल्यावर एकटेच बसले होते. त्यांच्याकडे माशी होती, गिऱ्हाईक नव्हते.

गुरुजी उतरताच करिमाबी पदरास हात पुसत धावली. "आलात व्हय गुरुजी! बसा हितं, पंख्याखाली. काकू, तुमी बी बसा."

गुरुजी बसले नाहीत. ताटाचे मोल विचारले, एकशेऐंशी कळले, आणि तेथेच उभ्याने चेकबुक उघडून, झोकदार अक्षरात चेक लिहून, 'फक्त' लिहून, रेघ ओढून, आघाडी पुढे घातली. करिमाबीने चेक दोन्ही हातांनी घेतला, वाचला, आणि तिचा चेहरा उतरला.

"गुरुजी, अक्षर मोत्यावानी हाय. पण ह्यो वटायला मंगळवार उजाडंल. तवर ती उधारीच की. भवानीला उधारी कशी चालंल?"

गुरुजी आयुष्यभर खऱ्यास खरे म्हणत आले होते. त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "बरोबर आहे तुझं," आणि चेक खिशात घातला. ऐशा रीतीने आघाडी मोडली.

मग मिहिररावांनी कार्ड उपसले. मोईन म्हणाला, "दादा, मशीन बँकेकडनं यायचंय अजून." करिमाबीने विचारिले की हे कसले कार्ड, आणि मिहिरराव क्रेडिट म्हणताच ती कपाळास हात लावून म्हणाली, "म्हंजी ती बी उधारीच!" पलटणीत हशा पिकला. मुलांनो, करिमाबीचे हे म्हणणे पुरते बरोबर नव्हते. कार्डाची उधारी मिहिररावांची आणि बँकेची. दुकानदाराचा पैसा कोठे जात नाही. परंतु मशीनच नसल्याने वाद घालण्यात अर्थ नव्हता. मिहिररावांनी फोन पुढे केला, तर ती म्हणाली, "फोनातलं पैसं कपाळाला कसं लावू, दादा? एकदा भवानी हातात पडू द्या, मंग दिवसभर फोनच फोन."

आता पद्माबाईसाहेब पुढे सरसावल्या. पर्स उघडिली, कोरी नोट दोन बोटांत धरून उंच केली, आणि उन्हात ती ऐसी झळकली की दुर्बिणधारींनी वाहवा केली. करिमाबीने ओंजळ पुढे केली, आणि ओंजळ वाटेतच थांबली.

"काकू... सुट्टं न्हाय व्हय?"

गल्ला नवा कोरा आणि रिकामा. मोईनचा खिसा म्हणजे दुकानाचाच खिसा, आणि तोही तेलात आणि कोळशात गेलेला. पद्माबाईसाहेब म्हणाल्या, "राहू दे गं उरलेले, तुला खाऊला." तशी करिमाबी ताठ झाली. "जास्तीचं घिऊन दुकान चालू करू? चोख व्यवहार मला शिकवला कुणी? पैशाचा हिशोब चुकला म्हणून पाढे कुणी म्हणून घेतलं उनात उभं करून?"

गुरुजी छपराकडे पाहू लागले. मग त्यांनी तोंडी हिशेब केला की दोन ताटे घ्यावी तर एकशेचाळीस उरतात, आणि तीन घ्यावी तर चाळीस कमी पडतात. एका कॅमेरेवाल्याने गाडीच्या खणातून चाळीस रुपयांची नाणी शोधून आणिली आणि म्हणाला, "आजोबा, हे घ्या माझ्याकडून." गुरुजींनी त्याचे आभार मानिले आणि सांगितले की उसन्या पैशाने भवानी होत नाही. सुट्ट्यासाठी साऱ्या पलटणीने खिसे उलटे केले. त्यातून चाव्या निघाल्या, गोळ्या निघाल्या, कार्डे तर पत्त्याच्या डावासारखी निघाली, परंतु पाचशेचे सुटे एकाकडेही निघाले नाहीत.

मग मोईनला वकील करून बापूसाहेबांकडे सुटे मागावयास धाडिले. तो गेला तसाच परत आला. बापूसाहेबांचा जबाब ऐसा की, "माझीबी भवानी न्हाय झाली अजून. गल्ला बंद हाय. तुज्या आईमुळंच बंद हाय, सांग तिला." आणि एवढे सांगून ते खुर्चीवर उभे राहून गर्जले, "या हो पुणेकर! हितं ताट तयार हाय! कार्ड घ्या, फोन घ्या, कायबी द्या!"

पलटणीत चुळबुळ झाली. भूक ही निष्ठा जाणत नाही. कोणी म्हणाले आणखी पाच मिनिटे, कोणी म्हणाले बस झाले, आणि दोघांचे पाय रस्त्याच्या कडेस लागले. करिमाबी कढईपाशी गेली आणि तिने आच कमी केली. मनगटावर जेथे बांगड्या असावयाच्या तेथे ती नुसतीच हात फिरवीत राहिली. गुरुजींनी ते पाहिले. ही एवढी गर्दी आज उपाशी पलीकडे गेली, तर नव्या दुकानाचे नाव पहिल्याच दिवशी बुडणार, हे त्यांस उमगले.

ऐशा आणीबाणीत चिरंजीव मिहिरराव, हशा जिव्हारी लागल्याने, तरातरा रस्ता ओलांडून शत्रूच्या गोटाकडे निघाले.

"मिहिर! अरे, कुठं निघालास?" पद्माबाईसाहेब ओरडल्या.

"चहा प्यायला!"

"आत्ता? तिथं?"

"इथं माझं कोण ऐकतंय?"

बाईसाहेबांनी डोळे मिटले. घरचाच माणूस फितूर झाला, ही बखरकारांस नेहमी लिहावी लागणारी ओळ येथेही लिहावी लागली.

मिहिररावांनी उभ्याने चहा घेतला आणि कार्ड पुढे केले. बापूसाहेबांनी कार्डाकडे पाहिले, मग मिहिररावांकडे पाहिले. "पंधरा रुपड्याच्या च्याला कार्ड?"

"माझ्याकडं कार्डच आहे. घेता, का उधार मांडता?"

उधार हा शब्द ऐकताच बापूसाहेब दचकले, आणि त्यांनी लगबगीने मशीन काढून कार्ड लाविले. मशीनने कूं केले आणि चिटोरे बाहेर टाकिले. बापूसाहेब जुन्या वळणाचे असले तरी काळ ओळखून होते. त्यांनी ते चिटोरे फाडिले, श्रद्धेने कपाळास लाविले, आणि गल्ला उघडून आत ठेविले.

गल्ला उघडला! रस्त्याच्या अलीकडून गुरुजींनी ते पाहिले मात्र, आणि भवानीची सारी कलमे त्यांच्या डोळ्यांपुढे लख्ख उभी राहिली. पद्माबाईसाहेबांच्या हातची नोट घेऊन ते थेट रस्त्यात उतरले. उसाचा ट्रॅक्टर येत होता. गुरुजींनी वर्गात करीत तसा नुसता हात वर केला, आणि ट्रॅक्टरवाला, तोही जुना विद्यार्थी असावा, गाणे बंद करून जागच्या जागी थांबला.

"बापूसाहेब, पाचशेचे सुटे द्या."

बापूसाहेबांनी नोट पाहिली आणि समोरचे हॉटेल पाहिले. "तिला द्यायला? गुरुजी, मी का म्हणून तिचं दुकान चालू करून देऊ?"

"तुमची आजची भवानी कोणी केली?"

"ह्या तुमच्या पोरानं."

"मग आमच्या घराला आज नाही म्हणता येतं का?"

बापूसाहेबांनी गल्ला पुन्हा उघडून आतल्या चिटोऱ्याकडे पाहिले. मिहिरराव, ज्यांस आपण काय केले हे आत्ता कोठे कळू लागले होते, चहाचा रिकामा पेला घेऊन तसेच उभे राहिले. अखेर बापूसाहेबांनी नोटा मोजून गुरुजींच्या हातावर ठेविल्या आणि खालच्या आवाजात बोलिले, "खरं सांगू का गुरुजी? ती गेल्यापासनं रश्शाला चव न्हाय. मलाबी जेवण जात न्हाय."

गुरुजी परत आले. एक शंभराची, एक पन्नासाची, एक विसाची आणि एक दहाची ऐशा नोटा त्यांनी स्वतःच्या हाताने करिमाबीच्या ओंजळीत ठेविल्या. त्या मळक्या होत्या, त्यांस मसाल्याचा वास होता, एकीस कोपरा नव्हता. करिमाबीने त्या कपाळास लाविल्या, डोळ्यांस लाविल्या, आणि गल्ल्यात टाकिल्या. मग तिने पाटीवरची ओढणी ओढून काढिली, मोईनने आडवे हात खाली घेतले, आणि पलटण आत घुसली. फोनने पैसे आल्याची वर्दी देणारा डबा, जो सकाळपासून मुका बसला होता, तो नगाऱ्यासारखा एकसारखा वाजू लागला, आणि कढईने त्यास साथ धरिली.

गर्दी थोडी ओसरल्यावर रस्ता ओलांडून स्वतः बापूसाहेब आले आणि रांगेत सर्वांच्या मागे उभे राहिले. पाळी येताच म्हणाले, "एक ताट. रोख." एकशेऐंशी सुटे मोजून दिले, बसले, रस्सा भुरकला, आणि सारे हॉटेल त्यांच्या तोंडाकडे पाहू लागले.

"मीठ जास्त हाय."

"तुमच्याच हाटेलात शिकलीय मी," करिमाबी म्हणाली.

बापूसाहेब हसले ते ऐसे की ठसका लागला, आणि मोईनने पाणी आणिले. मग ताटावरच तह झाला: मासे अलीकडे खावे आणि चहा पलीकडे प्यावा, करिमाबीने चहाची शेगडी मांडू नये आणि बापूसाहेबांनी तिचे गिऱ्हाईक हाका मारून ओढू नये, आणि तिचे मशीन येईपर्यंत कार्डवाल्यांनी पैसे बापूसाहेबांकडे द्यावे, त्यांनी ते सायंकाळी रोख पोचते करावे. या तहास साक्षी पद्माबाईसाहेब. मिहिररावांस त्यांनी आपल्या पानातील चिलापीचा मधला तुकडा काढून दिला, आणि फितुरीचा विषय पुन्हा निघाला नाही.

चेकची मात्र फजिती राहिली होती. गुरुजी हात धुऊन चेकबुक खिशात चाचपीत होते, तेव्हा करिमाबीने फडताळातून एक कोरे चेकबुक काढिले, ज्याचे पहिले पानदेखील फाटले नव्हते. "गुरुजी, जागेवाल्याला वरसाचं भाडं चेकनंच द्यायचंय. मोठी रक्कम हाय, मोईन रोख देऊ म्हणत हुता, तर मीच नको म्हटलं, उद्या जागेवाला न्हाय मिळालं म्हणाला म्हंजी? पण ह्यो लिहायचा कसा, त्ये आमच्या दोघांना बी ठावं न्हाय."

गुरुजींचा चेहरा ऐसा उजळला की पौषातले ऊन फिके पडले. त्यांनी चष्मा लाविला, मोईनला एका बाजूस आणि करिमाबीला दुसऱ्या बाजूस बसविले, आणि सांगावयास लागले: ही तारीख, हे घेणाऱ्याचे नाव, ही रक्कम अक्षरी, ही अंकी, येथे सही. कोपऱ्यावर दोन तिरक्या रेघा, म्हणजे पैसे खात्यातच जातील, वाटेत कोणाच्या हाती लागणार नाहीत. करिमाबीने जिभेचे टोक बाहेर काढून, शाळेत काढीत असे तसेच, एकेक अक्षर काढिले. एकदा चुकली. गुरुजी म्हणाले, चुकू दे, पान दुसरे आहे.

येणेप्रमाणे भिगवण मुक्कामी भवानीची फत्ते जाहली. मुलांनी ध्यानात ठेवावे की त्या दिवशी कोणतेही हत्यार हरले नाही: कार्डाने कुलूप उघडले, रोकड ओंजळीत पडली, आणि चेकने वर्षाचे छप्पर राखिले. घरी परतल्यावर पद्माबाईसाहेबांनी उरलेले सुटे डब्यात टाकून झाकण घट्ट लाविले आणि किराणावाल्यास कळविले की पुन्हा खडीसाखर दाखवू नये. हकीकत जशी घडली तशी लिहिली आहे. मागाहून कोणी यात काही वाढवू नये, म्हणून करिमाबीने त्या दुपारी रकमेपुढे जे लिहिले आणि त्यापुढे रेघ ओढिली, तेच येथे लिहून रेघ ओढितो.

फक्त. ________